घर बदललं, आता इंटरनेटची कंपनीही बदलू का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका घरून काम करतात. दोन महिन्यांपूर्वी कुटुंब नव्या घरात राहायला आलं आणि आठ वर्षं वापरात असलेलं इंटरनेट कनेक्शन त्याच कंपनीने नव्या पत्त्यावर शिफ्ट करून दिलं. तेव्हापासून संध्याकाळी सातनंतरच्या त्यांच्या मीटिंग तुटतात, आवाज अडखळतो, ‘तुमचं नीट ऐकू येत नाही’ हे रोज ऐकावं लागतं. प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे, पण त्या काम करतात त्या मागच्या खोलीत वायफायवर ३०-३५ मिळतात. शेजारच्यांनी दुसरी कंपनी सुचवली आहे, तिची पहिल्या वर्षासाठी सवलतही आहे. पतीचं म्हणणं असं की, आठ वर्षांत एक तक्रार नाही, हॉलमध्ये टीव्हीवर मॅचसुद्धा न अडकता दिसते, मग उगाच कशाला बदलायचं? वर्षाचे पैसे आगाऊ भरलेत, त्यातले पाच महिने शिल्लक आहेत. सासऱ्यांचा जुना लँडलाइन नंबर आणि ईमेल याच कंपनीचे आहेत. ‘यावरून रोज वाद होतात. माझं काम घरात कुणाला महत्त्वाचं वाटतच नाही असं वाटायला लागलंय. कंपनी बदलू का? आणि यांना कसं पटवू?’ असं त्या विचारतात.

ताई,

तुमच्या पत्रात स्पीडचे आकडे आहेत, सवलत आहे, आगाऊ भरलेले पैसे आहेत. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते ‘माझं काम कुणाला महत्त्वाचं वाटतच नाही’ हे वाक्य. म्हणून तिथूनच सुरुवात करते. तुमची तक्रार खरी आहे. चारचौघांसमोर बोलताना मध्येच आवाज जाणं, आपलं म्हणणं तीन-तीनदा सांगावं लागणं, आणि समोरच्याला आपणच ढिले आहोत असं वाटेल की काय ही धास्ती, हे सगळं रोज सोसणं सोपं नाही. घरातल्या बाकीच्यांना ते दिसत नाही, कारण ते खोलीच्या बंद दाराआड घडतं.

पण तुमचे पतीही खोटं बोलत नाहीयेत. मॅच खरंच न अडकता दिसत असणार. एकाच घरात, एकाच बिलावर तुम्हा दोघांना दोन वेगळी इंटरनेट मिळतायत आणि दोघंही आपापल्या इंटरनेटबद्दल खरं सांगताय. तुमच्या वादाचं मूळ मला इथे दिसतं.

टीव्हीवर दिसणारा खेळ, थेट प्रक्षेपण असलं तरी, प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद मागे असतो. तेवढ्या वेळात पुढचा भाग टीव्हीत साठवून ठेवला जातो. मध्ये दोन सेकंद लाइन डळमळली तरी साठ्यातून चित्र चालू राहतं, बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मीटिंगमध्ये असा साठा करता येत नाही. तुम्ही बोललात की ते पाव सेकंदाच्या आत पलीकडे पोचायला हवं, नाहीतर दोघं एकदम बोलायला लागतात. शिवाय टीव्हीला फक्त घ्यायचं असतं, तुम्हाला पाठवायचंही असतं. आणि टीव्ही हॉलमध्ये आहे. माझा अंदाज, राउटरही तिथेच असावा. तुम्ही मागच्या खोलीत, मध्ये दोन-तीन भिंती. तेव्हा टीव्ही नीट चालतो यावरून तुमची लाइन चांगली ठरत नाही, आणि तुमची मीटिंग तुटते यावरून कंपनी वाईट ठरत नाही.

आता त्या ३५ च्या आकड्याकडे बघू. २०० चे पैसे भरून ३५ मिळाले की फसवल्यासारखं वाटतं, ते मी समजू शकते. पण एका व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांना साधारण ३-४ एमबीपीएस पुरतात. म्हणजे ३५ सुद्धा तुमच्या मीटिंगला भरपूर आहेत. मग ती तुटते का? कारण मीटिंगला वेगापेक्षा सातत्य जास्त लागतं. स्पीड टेस्ट काही सेकंदांची सरासरी सांगते. मध्ये अर्धा सेकंद काहीच आलं नाही, तर सरासरीत ते बुडून जातं आणि मीटिंगमध्ये मात्र तुमचा अख्खा शब्द जातो. म्हणून नुसता मोठा प्लॅन घेऊन हा त्रास जाईलच असं नाही, आणि नव्या कंपनीची ३०० किंवा ५०० ची जाहिरात बघून निर्णय घेऊ नका. (एमबीपीएसमधला ‘बी’ बिटचा असतो, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. त्यामुळे २०० च्या लाइनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त २५ मेगाबाइट या वेगाने उतरते. बरेच वाचक या आकड्यांवरून कंपनीवर चिडतात, म्हणून सांगून ठेवते.)

कंपनीची हमी तिची तार घरात जिथे संपते त्या डबीपर्यंत असते. डबीपासून तुमच्या खुर्चीपर्यंतचा प्रवास घरातल्या वायफायचा आहे, आणि तो नव्या घराबरोबर पूर्ण बदललाय. जुन्या घरात कदाचित तुम्ही राउटरच्या बाजूच्याच खोलीत बसत असाल. भिंती वेगळ्या असतील. इथे मध्ये काँक्रीटची भिंत असेल, आरशाचं कपाट असेल, पाण्याची टाकी असेल. काँक्रीटमधल्या सळ्या, आरशामागचा धातूचा थर आणि पाणी, हे तिन्ही वायफायच्या लहरींना चांगलेच अडवतात.

तेव्हा कंपनी बदलायची की नाही हे ठरवण्याआधी बिघाड कुठे आहे ते शोधा. त्यासाठी एक लॅन केबल लागेल. केबलवर ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ असं छापलेलं असलं की झालं. ज्या वेळी त्रास होतो त्याच वेळी, म्हणजे संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, लॅपटॉप या केबलने थेट राउटरला जोडा आणि लॅपटॉपचं वायफाय बंद करा. मग नुसती स्पीड टेस्ट करून उठू नका, हॉलमध्ये बसून तुमची नेहमीची मीटिंग त्या केबलवर करा. गैरसोय होईल, पण असं आठवडाभर केलंत तर सगळं चित्र स्पष्ट होईल. रोज दोन ओळी लिहून ठेवा: वेळ, डाउनलोड, अपलोड, पिंग, आणि मीटिंग तुटली की नाही. केबलवर आकडा नेमका ९४-९५ च्या आसपास अडकून राहिला, तर लगेच कंपनीला दोष देऊ नका. राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्ट जुन्या, १०० एमबीपीएसच्या पद्धतीचं असलं, किंवा केबलमधली एखादी तार तुटलेली असली, की असंच दिसतं.

पिंग म्हणजे एक छोटा संदेश जाऊन परत यायला लागलेला वेळ. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटर जाऊन यायला फक्त १० मिलिसेकंद. तुमचं ऑफिस दुसऱ्या खंडावर असेल तर मोठा आकडा स्वाभाविक आहे. त्रासदायक असतो तो सतत हेलकावणारा आकडा: आत्ता २०, मग ३००, मग ४०. आणखी एक सोपी तपासणी आहे. फोनवर पिंग मोजणारी मोफत ॲप्स मिळतात. त्यात तुमच्या राउटरचाच पत्ता घाला. तो बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरखालच्या चिकटपट्टीवर लिहिलेला असतो. मागच्या खोलीत बसून राउटरपर्यंतच्या संदेशालाच शंभर-दोनशे मिलिसेकंद लागत असतील, तर बिघाड घरात आहे. तो संदेश घराबाहेर गेलेलाच नाही, त्यामुळे त्यात कुठल्याच कंपनीचा हात असू शकत नाही.

समजा, केबलवर सगळं छान चाललं. मग नव्या कंपनीला बोलावून काहीच साधणार नाही. तीही बहुधा आपली डबी हॉलमध्ये त्याच भिंतीवर लावेल आणि तुम्ही मागच्या खोलीत तशाच अडकाल. अशा वेळी घरातली सोय सुधारायची. राउटर टीव्हीमागे, कपाटात किंवा जमिनीवर ठेवला असेल तर आधी तो उघड्यावर, छातीइतक्या उंचीवर आणा. बहुतेक राउटर लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून दूरवर जाते, पण तिच्यात एकमेकांना न धडकणारे चॅनेल जेमतेम तीन आहेत: १, ६ आणि ११. आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राउटर त्याच तिघांवर गर्दी करतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्टीत, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. संध्याकाळी सातनंतर त्रास वाढतो असं तुम्ही लिहिलंय, त्याचं एक कारण हेही असू शकेल, कारण त्याच वेळी सगळ्या शेजाऱ्यांची वायफाय जोरात चालू असतात. ५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर आहे, वेगही जास्त आहे, पण भिंतीपुढे ती लवकर हरते.

माझं स्पष्ट मत सांगू? रोज मीटिंग करणाऱ्या माणसाच्या टेबलापर्यंत केबल न्यावी. कडेकडेने, पट्टीखालून, एकदाच. केबल १०० मीटरपर्यंत पूर्ण वेगाने चालते, घरात त्याहून जास्त अंतर कुणाचं असणार? मागच्या खोलीत वायफायही हवं असेल तर त्याच केबलच्या टोकाला दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावता येतो, जुना पडलेला असेल तोही चालतो. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचे स्वस्त रिपीटर मात्र विचार करून घ्या. त्यातले बरेचसे एकाच लहरीवर ऐकतात आणि त्याच लहरीवर पुढे बोलतात, त्यामुळे वेग जवळपास अर्धा होतो आणि मीटिंगला हवं असलेलं सातत्य तर मिळतच नाही. मेश, म्हणजे मिळून एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे, घेणार असाल तर ते एकमेकांना केबलने जोडता येतील असा घ्या. केबल ओढणं शक्यच नसेल, उदाहरणार्थ भाड्याच्या घरात, तर टेक्निशियनला डबीच घराच्या मधल्या भागात हलवायला सांगा. नव्या घरात जाताना हे पहिल्या दिवशीच ठरवलं तर सगळ्यात सोपं. बहुतेक घरांत डबी कुठे लागली? जिथे टेक्निशियनची वायर संपली तिथे.

आता दुसरी शक्यता. केबलवरही संध्याकाळी मीटिंग तुटते. तरीही कंपनीकडे वळण्याआधी एक गोष्ट बघायची: त्या वेळेला घरात कोण काय वर पाठवतंय? दिवसभर बाहेर असलेले फोन संध्याकाळी घरी येतात, वायफाय पकडतात आणि दिवसाचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागतात. अनेक प्लॅनमध्ये अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा खूपच कमी असतो. अरुंद जिन्यातून कपाट उतरवत असताना मागच्या माणसाला रिकाम्या हातानेही उतरता येत नाही, तशी तुमच्या आवाजाची गत होते. राउटर मोठ्या फाइलचे तुकडे रांगेत घेत राहतो आणि तुमचा शब्द त्या रांगेच्या शेवटी उभा राहतो. ‘बफरब्लोट’ या नावाने हा प्रकार ओळखला जातो. उपाय फुकटात आहे: फोटोंचा बॅकअप रात्री उशिराचा ठेवा. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘क्यूओएस’ किंवा ‘एसक्यूएम’ असेल तर ते चालू करून तुमच्या लॅपटॉपला प्राधान्य द्या.

तेही करून झालं आणि तरी तुटतंय? मग लाइनचा किंवा कंपनीचा दोष आहे, आणि तुमच्या वहीतल्या नोंदी इथे उपयोगी पडतील. शिफ्टिंगच्या वेळी कामं घाईत होतात. फायबर, म्हणजे प्रकाश वाहून आणणारी काचेची तार, दाराच्या चौकटीवरून करकचून वळवली असेल तर प्रकाश त्या वळणावर बाहेर निसटतो. साध्या फायबरला सुमारे ३ सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण देऊ नये, अलीकडच्या प्रकारांना याहून लहान वळण चालतं. अशा वेळी लाइन मंद होण्यापेक्षा अधूनमधून तुटते, डबीवर ‘एलओएस’ नावाचा लाल दिवा लागतो. टेक्निशियन आला की त्याला डबीपाशी पोचणाऱ्या प्रकाशाची पातळी मोजून दाखवायला सांगा. घरगुती फायबरच्या सर्वात रूढ पद्धतीत ती साधारण वजा ८ ते वजा २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) मध्ये असावी लागते. वजा २७ च्या जवळ किंवा त्याहून खाली गेली असेल तर जोड किंवा वळण दुरुस्त करायला सांगा. हा आकडा तुम्ही नुसता विचारलात तरी समोरचा माणूस काम मन लावून करतो.

आणि लाल दिवाही नाही, पातळीही ठीक आहे, पण दुपारी सगळं उत्तम आणि रात्री आठला केबलवरही वेग कोसळतो, असं असेल तर गर्दी कंपनीच्या जाळ्यात आहे. घरगुती फायबरची एक वाहिनी बहुतेक वेळा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. जीपीओएन या पद्धतीत त्या सगळ्यांना मिळून सुमारे २.५ गिगाबिट खाली आणि १.२५ गिगाबिट वर मिळतात. एवढं सहसा पुरतं, कारण सगळे एकदम पूर्ण वेग वापरत नाहीत. पण पुढचा रस्ता कंपनीने वाढवलाच नसेल, तर तुमच्या घरात कितीही डोकं आपटून उपयोग नाही. लेखी तक्रार करा, तक्रार क्रमांक घ्या, आठवड्याच्या नोंदी जोडा, दुरुस्तीसाठी ठरावीक मुदत मागा. मुदत उलटली, तर निःशंक मनाने कंपनी बदला.

इथे तुमच्या पतींनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. आठ वर्षांत तक्रार आली नाही, हा अनुभव मोलाचा आहे. पण तो त्या घरातल्या लाइनचा अनुभव आहे. नाव आणि बिल तेवढं तुमच्याबरोबर आलं. फायबर वेगळी, वाटप करणारी पेटी वेगळी, फोन केल्यावर धावून येणारा टेक्निशियनही वेगळा. जुन्या टेक्निशियनशी तुमचा घरोबा झाला असेल, पण तो या भागात येणार नाही. म्हणून नव्या घरात जुन्या कंपनीलाही नव्यासारखंच तपासून घ्यायचं. तिच्यावर अविश्वास दाखवायचं कारण नाही, पण आठ वर्षांच्या जोरावर सूट द्यायचंही नाही.

शेजारच्यांच्या शिफारशीलाही हेच लागू. ती ऐकावी जरूर, कारण त्यांची लाइन तुमच्याच इमारतीतली आहे आणि ही माहिती कुठल्याही जाहिरातीपेक्षा चांगली. पण ‘चांगलं चालतं’ एवढ्यावर थांबू नका. ते घरून काम करतात का? संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतात का? बंद पडल्यावर किती तासांत माणूस आला? शक्य असेल तर एखाद्या संध्याकाळी तुमचा लॅपटॉप त्यांच्याकडे नेऊन तुमची एक मीटिंग करून बघा.

ज्या वाचकांना घर बदलायचंय पण अजून बदललेलं नाही, त्यांना माझं सांगणं आहे की कंपनीच्या नावाआधी विचारा, या पत्त्यापर्यंत कोणती तार येते? डाउनलोडइतकाच अपलोड, अंतराचा फारसा परिणाम नाही, हे फायबरने जमतं. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं डीएसएल एक्स्चेंजपासून जितकं लांब तितकं हळू होत जातं. केबल टीव्हीच्या तारेवरचं इंटरनेट डाउनलोडला चांगलं असतं, पण ते परिसरात वाटलेलं असतं आणि अपलोडला सहसा हात आखडता असतो. मोबाइल टॉवरवरचं घरगुती कनेक्शन लगेच मिळतं, मात्र टॉवरवरच्या गर्दीप्रमाणे बदलतं. उपग्रहाच्या बाबतीत तो किती उंचीवर आहे ते बघा. स्थिर वाटणारे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात, तिथवर जाऊन उत्तर यायला जवळपास अर्धा सेकंद लागतो आणि मीटिंगमध्ये तो जाणवतो. काही शे किलोमीटरवर फिरणाऱ्या उपग्रहांना तो प्रश्न नाही. हे सगळं घराचा करार करण्याआधी विचारायचं. पाणी आणि वीज आपण विचारतोच की.

आगाऊ भरलेल्या पाच महिन्यांविषयी. ते पैसे तुमच्या निर्णयाला बांधून ठेवतायत, पण ते खर्च होऊन गेलेत. आता प्रश्न एवढाच की परत किती मिळतील आणि पुढे किती लागतील. पहिली गोष्ट, करारात वापर न झालेल्या महिन्यांचा परतावा आहे का ते बघा. दुसरी गोष्ट, शिफ्टिंगच्या वेळी तुमच्याकडून काही सही किंवा ओटीपी घेतला असेल, तर त्यात नवा किमान कालावधी सुरू झालाय का ते तपासा. लोकांच्या हे बरेचदा लक्षात येत नाही. नव्या कंपनीची सवलत बघताना दोन वर्षांचा एकूण खर्च मांडा: बसवण्याचे पैसे, डिपॉझिट, डबीचं भाडं, कर, आणि सवलत संपल्यावरचा दर. पहिल्या वर्षी स्वस्त दिसणारं कनेक्शन दोन वर्षांच्या हिशेबात अनेकदा बरोबरीला येतं किंवा पुढे जातं. पण हेही सांगते, रोजच्या कामाचं नुकसान या हिशेबात धरायला विसरू नका. तुमची तुटलेली प्रत्येक मीटिंग हासुद्धा खर्चच आहे आणि तो आजवर कुणी मोजलेला नाही.

एक तांत्रिक प्रश्न नव्या कंपनीला जरूर विचारा, विशेषतः घरात कॅमेरा असेल आणि तो बाहेरून बघायचा असेल, किंवा ऑफिसला ठरावीक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर तुमचं कनेक्शन ओळखायचा क्रमांक, लागत असेल तर. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात सुमारे ४३० कोटीच आहेत आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. त्यामुळे अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता कित्येक घरांत वाटून देतात, त्याला ‘सीजीनॅट’ म्हणतात. नेहमीच्या वापराला काही फरक पडत नाही, पण बाहेरून थेट घरातल्या उपकरणाशी जोडणं अडतं. जुन्या कंपनीत जे सहज चालत होतं ते नव्यात बंद पडलं, की मग घरात ‘बघ, सांगत होतो’ सुरू होतं. आधीच विचारून घेतलेलं बरं.

‘यांना कसं पटवू’ असं तुम्ही विचारलंत. माझा सल्ला, पटवू नका. एक संध्याकाळ त्यांना मागच्या खोलीत बसवा आणि त्यांनाच एक व्हिडिओ कॉल करू द्या, तासभर, त्यांच्या कामाचा. आणि त्याच संध्याकाळी तुम्ही हॉलमध्ये केबलवर तुमची मीटिंग करा. त्यानंतर दोघांनी मिळून आधीच ठरवून टाका: केबलवर ठीक चाललं तर कंपनी तीच ठेवायची आणि मागच्या खोलीपर्यंत केबल घालण्याचा खर्च याच महिन्यात करायचा. केबलवरही तुटलं आणि मुदतीत दुरुस्त झालं नाही तर कंपनी बदलायची. निकाल यायच्या आधी हे ठरलं पाहिजे, कारण नंतर प्रत्येक जण आपल्याला हवा तसा अर्थ काढतो. यात तुमचंही एक देणं लागतं. केबलवर सगळं उत्तम चाललं, तर ‘ही कंपनीच वाईट’ हे तुमचं म्हणणं सोडून द्यायची तयारी ठेवा. आणि त्यांचं देणं असं की ‘मॅच तर दिसते’ हे वाक्य पुन्हा यायचं नाही. तुमचं काम महत्त्वाचं आहे हे त्यांनी तोंडाने म्हणण्यापेक्षा केबलच्या कामाला एक सुट्टी दिली, तर मला वाटतं तुम्हाला जास्त बरं वाटेल.

बदलायचं ठरलंच, तर जुनं आधी तोडू नका. नवं कनेक्शन बसल्यावर निदान दोन आठवडे दोन्ही चालू ठेवा, तसेही तुमचे पैसे भरलेले आहेत. नव्यावर संध्याकाळच्या मीटिंग करून बघा. नव्या राउटरला जुन्याच वायफायचं नाव आणि तोच पासवर्ड द्या, पासवर्ड मजबूत असेल तर. मग दोन्ही राउटरची सुरक्षा पद्धत एकच असली की घरातले फोन, टीव्ही, कॅमेरे बहुतेक आपोआप जोडले जातात. दोन्ही राउटर एकाच वेळी चालू असताना मात्र एकच नाव ठेवू नका, कोणत्या लाइनवर आहात ते कळणार नाही. नाव बदलण्याचं काम जुना राउटर बंद करताना करा. बंद करण्याची विनंती लेखी द्या, तारीख नमूद करा, ऑटो-डेबिट बँकेतूनही थांबवा. डबी परत देण्याआधी तिच्या मागचं छोटं रिसेटचं बटण टाचणीने दाबून धरा, म्हणजे तुमचे पासवर्ड पुसले जातील. आणि डबी दिल्याची पोच घ्या, डिपॉझिट परत मिळवताना तीच कामाला येते.

राहिले सासऱ्यांचे नंबर आणि ईमेल. हे सगळ्यात आधी हातात घ्या, कारण कनेक्शन बंद झाल्यावर ते परत मिळतीलच असं नाही. नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो का ते दोन्हीकडे विचारा. येत असेल तर आधी नंबर हलवायचा, मग जुनं खातं बंद करायचं, उलट क्रमाने केलं तर नंबर जाऊ शकतो. ईमेलसाठी त्यांना कुठल्याही इंटरनेट कंपनीशी न बांधलेला नवा पत्ता काढून द्या आणि बँक, विमा, निवृत्तिवेतन, डॉक्टर, जिथे जिथे जुना पत्ता दिलाय तिथे तो बदलून घ्या. पासवर्ड विसरल्यावर येणारे संदेश जुन्याच पत्त्यावर जात असतात, म्हणून बँकेपासून सुरुवात करा. जुने मेल उतरवून ठेवायचे असतील तर तेही आत्ताच. त्यांच्याशेजारी बसून एकेक खातं बदलायला दोन-तीन दुपारी लागतील, आणि हे काम तुमच्या पतींनी अंगावर घेतलं तर उत्तम.